ताईला काय वाटत असेल?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग बुडाला; सांगली-मिरज रस्त्यावरचा विश्रामबाग मात्र बराचसा कोरडा राहिला. अशा वेळी पूरग्रस्त नातलग घरी येतात आणि आपलं चार वर्षांचं पोर खेळणी घट्ट कवटाळून बसतं. त्याला लगेच आप्पलपोटं म्हणू नये.

दुसऱ्याची आवड वेगळी असते, हे मुलांना फार लवकर कळतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात संशोधिकेने बिस्किटाला नाक मुरडलं आणि ब्रोकोली आवडीने खाल्ली. मग तिने हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या बहुतेक मुलांनी स्वतःला आवडणारं बिस्किटच दिलं. अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली. केवढी मोठी झेप, अवघ्या चार महिन्यांत!

पण कळणं वेगळं आणि आपली वस्तू सोडणं वेगळं. हे अंतर ओरडून कमी होत नाही, जबरदस्तीच्या ‘सॉरी’ने तर मुळीच नाही. “ताईच्या वह्या पुरात गेल्या. तिला काय वाटत असेल? आपण काय करू या?” असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्याच्या स्वतःच्या रडण्यालाही नाव द्या: राग, भीती, आजीची आठवण. आज जेवताना एकदा विचारून पाहा.