बुधवार, १५ जून १९०४

न्यूयॉर्कच्या ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर सेंट मार्क ही जर्मन स्थलांतरितांची ल्युथरन मंडळी. भोवतालच्या वस्तीला सगळे ‘लिटल जर्मनी’ म्हणत. आज मंडळीच्या संडे स्कूलची वार्षिक सहल आहे.

सकाळी ८ नंतर : ईस्ट थर्ड स्ट्रीटच्या धक्क्यावर ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट उभी. ३५० डॉलर भाडं ठरलंय. कामाचा वार असल्याने बहुतेक बाप कामावर गेलेत. बोटीवर चढतात त्या आया, आज्या आणि मुलं.

९.३० च्या सुमारास : सुमारे १,३५० माणसं घेऊन बोट लाँग आयलंडकडे निघते. पाळक जॉर्ज हास सहकुटुंब सोबत आहेत.

१० वाजता : पुढच्या बाजूच्या दिव्यांच्या खोलीत आग लागते. खलाशी पाण्याचे पाइप जोडतात, ते फुटतात. बचावाच्या होड्या जागच्या हलत नाहीत. लाइफ जॅकेटं तेरा वर्षांची जुनी. कापड बोटाने फाटतं, आतल्या बुचाचा भुगा झालेला. आया तीच मुलांना बांधतात आणि पाण्यात सोडतात. मुलं तळाला जातात.

१०.३० च्या आत : कप्तान बोट नॉर्थ ब्रदर बेटावर चढवतो. वाऱ्याने आग आणखी भडकलेली असते. बेटावरच्या साथरोग रुग्णालयातल्या परिचारिका पाण्यात उतरून माणसं ओढून काढतात.

दुपारपासून रात्रभर : ईस्ट ट्वेंटीसिक्स्थ स्ट्रीटच्या धक्क्यावर मृतदेहांच्या रांगा. कामावरून धावत आलेले बाप एकेक चेहरा पाहत पुढे सरकतात. पाळक हास वाचतात, त्यांची पत्नी आणि मुलगी जातात. एकूण बळी १,०२१.

मागे राहिलेले पुरुष त्या गल्ल्यांत फार दिवस राहू शकले नाहीत. अनेक कुटुंबं उत्तरेला यॉर्कव्हिलकडे गेली. १९४० मध्ये चर्चच्या इमारतीत सिनेगॉग आलं. १९४६ मध्ये ही मंडळी यॉर्कव्हिलच्या झायन चर्चमध्ये विलीन झाली.

कप्तानाला दहा वर्षांची शिक्षा झाली, मालक कंपनी किरकोळ दंडावर सुटली. आणि याच बोटीची लाइफ जॅकेटं सरकारी तपासनिसाने सुमारे सहा आठवड्यांपूर्वीच ठीक ठरवली होती. माणसांना पाण्यावर नेणाऱ्या प्रत्येकाने जॅकेटं नुसती मोजू नयेत, एकेक हातात घेऊन दाबून, ओढून पाहावं. आणि बोटीत बसणाऱ्यांनी तसा आग्रह धरावा.