बोट सुटण्यापूर्वी

घरातला मुलगा परदेशी निघाला की दोन याद्या सुरू होतात. एक त्याची, दुसरी आईची. पहिलीत कागदपत्रे असतात. दुसरीत चिवडा, लोणचे आणि लोकरीचा मफलर. मुलगा शिकायला किंवा नोकरीला चालला असेल, तर दोहोंचा मेळ कसाबसा बसतो. पण तो परक्यांच्या युद्धात जखमींच्या मलमपट्ट्या करायला निघाला, तर आईने यादीत काय लिहावे?

१९३८ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरच्या कोटनीसांच्या घरात हा प्रश्न उभा राहिला असणार. डॉ. द्वारकानाथ कोटनीसांचे पुढचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी चीनमध्ये केलेली रुग्णसेवा, तिथेच केलेले लग्न, ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू, मागे राहिलेले साडेतीन महिन्यांचे मूल. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये पडद्यावर आणले ते हेच. मला मात्र ओढ आहे ती बोट सुटण्याआधीच्या दिवसांची. हुतात्मा होण्यापूर्वी माणूस बिचारा नुसता प्रवासी असतो. त्याला पासपोर्ट लागतो आणि घरच्यांची परवानगीही लागते.

प्रकरणाची सुरुवात एका पत्राने झाली. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना लिहिले, की आम्हांला डॉक्टर हवेत, औषधे हवीत. तेव्हा आपण स्वतःच पारतंत्र्यात! तरी १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला हाक दिली, लोकांनी वर्गणी दिली आणि सुमारे बावीस हजार रुपये जमले. रुग्णवाहिका आली, औषधांच्या पेट्या आल्या. आता माणसे हवी होती.

कोटनीस त्या वेळी मुंबईत होते, पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत. त्यांचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये उघडले, ते मुळी अध्यापकवर्ग भारतीयच असावा या अटीवर. अशा वास्तूत शिकलेल्या तरुणाच्या कानांवर ती हाक पडली आणि त्याने नाव दिले, यात नवल नाही. अवघड होते ते घरी सांगणे. वडिलांनी उत्तेजन दिले. आईला मात्र फार वाईट वाटले. घरच्यांना चीन ठाऊक होता तो दारावर चिनी रेशीम विकायला येणाऱ्या फेरीवाल्यांपुरता, असे त्यांच्या एका बहिणीने पुढे सांगितले होते. ज्या देशाचे एवढेच चित्र डोळ्यांपुढे आहे, तिथे पोटचा मुलगा धाडायचा! आपण वडिलांच्या होकाराचे कौतुक करतो. मला वाटते, घरात त्या मातेचे दुःख जास्त जाणते होते.

पासपोर्टाची कथा वेगळीच. तो देणार इंग्रज सरकार आणि जाणार काँग्रेसचे पथक! बंगालमधून आधी निवडलेले डॉ. रणेन सेन कम्युनिस्ट. त्यांना पासपोर्ट मिळालाच नाही. त्यांच्या जागी डॉ. बिजॉयकुमार बसू आले. मग पाच जण ठरले: स्पेनच्या यादवीत काम करून आलेले अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि आपले कोटनीस. यांत चोळकरांची आठवण फारशी कोणी काढत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ. या वयात माणसे काशीयात्रेचा विचार करतात.

मुंबईत निरोपाची सभा झाली. सरोजिनी नायडू निरोपाला हजर होत्या. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोट सुटली. बोट गोऱ्या कंपनीची. पुढे महायुद्धात, १९४१ साली, जर्मन पाणबुडीने तिला जलसमाधी दिली. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग असे टप्पे घेत मंडळी १७ सप्टेंबरला कँटनला उतरली. तिथे स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग आल्या होत्या.

एका गोष्टीची तयारी मात्र कोणीच केली नव्हती: नावाची. चुंगकिंगला त्या पाचांना चिनी नावे मिळाली, प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटनीसांचे झाले ‘के दिहुआ’. भाषेच्या मास्तराला इथे थांबल्यावाचून राहवत नाही. फडणीस, चिटणीस यांच्याच कुळातले हे आडनाव. कोटाचे दप्तर लिहिणारा तो कोटनीस, असे दिसते. कुठल्याशा किल्ल्याच्या हिशेबांतून निघालेला तो शब्द चीनमध्ये जाऊन ‘के’ एवढाच उरला! चुंगकिंगलाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जाण्याचा मार्ग मोकळा होता. ते उत्तरेला निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. १९३८ ची दिवाळी ऑक्टोबरच्या २२-२३ तारखेला आली. २१ तारखेला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर, कँटन जपान्यांच्या हाती पडले. महिन्यापूर्वी पथक उतरले होते तेच बंदर. २५ तारखेला हँकौही गेले. त्या चार-पाच दिवसांत सोलापुरात नेहमीसारखे अभ्यंगस्नान झाले असेल, फराळाची ताटे शेजारीपाजारी गेली असतील. आणि कोटनीसांच्या घरी कोणी तरी त्या परक्या गावांची नावे वर्तमानपत्रात शोधत बसले असेल.