मेंढीकोट कसे खेळावे

पत्ते म्हटले की घरातली वडील माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे काही चुकते असेही नाही. पैसे लावून खेळलेल्या पत्त्यांनी चांगली चालती घरे बसविली आहेत. पण पत्त्यांचा एक खेळ असा आहे की त्यात पैशाची गरज लागत नाही. चार माणसे मात्र लागतात, आणि त्यांना एकमेकांवर विसंबून खेळावे लागते. तो खेळ म्हणजे मेंढीकोट. उत्तरेकडे याच जातीचा खेळ ‘दहला पकड’ या नावाने खेळतात.

मांडणी अगदी सोपी. चौघांच्या दोन जोड्या करा. समोरासमोर बसतील ते भिडू. ५२ पाने पिसा, काटा आणि उजवीकडून वाटायला लागा. आधी पाच-पाच, मग चार-चार, पुन्हा चार-चार. प्रत्येकाच्या हाती १३ पाने आली. एक्का सर्वांत मोठा. त्याखाली राजा, राणी, गुलाम, मग दश्शी, आणि असे उतरत उतरत दुर्री सर्वांत लहान. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चार रंगांच्या ज्या चार दश्श्या, त्याच आपल्या मेंढ्या.

वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा गडी पहिली उतारी करतो. खेळही उजवीकडेच फिरतो. उतारी ज्या रंगाची, त्याच रंगाचे पान, जवळ असेल तर, बाकीच्यांनी टाकलेच पाहिजे. चार पाने पडली की एक हात झाला. मोठे पान ज्याचे, हात त्याचा. पुढची उतारीही त्याचीच.

आता हुकमाचे पाहा. ज्याच्याजवळ उतारीचा रंग पहिल्यांदा संपेल, तो दुसऱ्या रंगाचे पान टाकतो आणि तोच रंग त्या डावाचा हुकूम ठरतो. मग हुकमाची दुर्रीसुद्धा परक्या रंगाच्या एक्क्याला मारते. तेव्हा आपल्या हाती ज्या रंगाची पाने पुष्कळ, तोच रंग हुकूम करावा. काही ठिकाणी सुरुवातीलाच एक पान झाकून ठेवतात आणि रंग तुटला की ते उघडून हुकूम ठरवितात.

ज्या जोडीकडे तीन मेंढ्या येतील ती जिंकली. चारही आल्या तर मेंढीकोट झाले! दोन-दोन आल्या तर सात किंवा अधिक हात ज्यांचे, ते जिंकले. हात एकंदर १३, म्हणून बरोबरी होतच नाही. ती का होत नाही, हे शिक्षकांनी मुलांना विचारून पाहावे.

खरी मेख पुढेच आहे. जिच्यासाठी सारी धडपड, ती मेंढी स्वतःचे रक्षण करू शकत नाही. तिच्यावर त्याच रंगाची चार पाने आहेत. समजा, तुमच्याजवळ किलवरची मेंढी एकटीच आहे आणि समोरच्या जोडीने किलवरचा एक्का उतरला. मेंढी गेलीच! पण तिच्यासोबत एखादी दुर्री-तिर्री असती, तर ती टाकून तुम्ही मेंढी वाचविली असती. हलके पान आले म्हणून नाक मुरडू नका. मेंढीची राखण तेच करते.

मेंढी घरी आणायची ती बहुधा भिडूच्या हातावर. भिडूने बदामचा एक्का उतरला, पुढच्याने नश्शी टाकली, आणि बदामची मेंढी तुमच्याजवळ आहे. रंगाचा हा पहिलाच फेरा असेल तर मेंढी बेलाशक सोडा. शेवटच्या गड्याजवळ बदाम असण्याचाच संभव अधिक. पण दोन फेरे होऊन गेले असतील, तर आठ बदाम गेले, उरले पाच. त्यांतले तुमच्याजवळ किती, भिडूने आता टाकला तो एक, हे वजा करा. शेवटच्याजवळ बदाम नसेल, तर तो हुकूम मारून मेंढी नेईल. जवळ दुसरे हलके पान असेल तर या वेळी तेच टाकावे. पाटीवरची वजाबाकी मुलांना कंटाळवाणी वाटते. ही वजाबाकी ती आपण होऊन करतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. भिडूला डोळ्याने, खोकल्याने खूण करू नये. त्याने काय टाकले यावरूनच त्याचे मन ओळखावे. आणि जवळ रंग असताना ‘नाही’ म्हणू नये. प्रत्येकाची पाने त्याच्याच मुठीत असतात, तपासणारा कोणी नसतो. सारा खेळ शब्दावर चालतो. अशी चोरी उघडकीस आली तर तो डाव त्या जोडीने हरला, हे पाने वाटण्यापूर्वीच ठरवून घ्या.

आणि हरणाऱ्याला दंड काय? पुढच्या डावाला पाने त्याच्या जोडीने पिसायची. एवढ्या दंडावर चार माणसांची संध्याकाळ आनंदात जाते, मग पैसा मध्ये आणायचाच कशाला?