छिद्रबंधन, अग्निरोधी

इमारतीतील अग्निरोधी भिंती व स्लॅब यांमधून नळ, विद्युत् केबली, वातानुकूलनाचे डक्ट इ. नेण्यासाठी ठेवलेली छिद्रे, तसेच भिंत व स्लॅब यांच्यामधील सांधे, हे आग, तप्त वायू व धूर यांना पलीकडे जाता येणार नाही अशा रीतीने बंद करण्याच्या क्रियेस अग्निरोधी छिद्रबंधन म्हणतात. कार्यालये, दुकाने, हॉटेले, रुग्णालये यांसारख्या ज्या इमारतींत एकाच छताखाली पुष्कळ माणसे असतात व ज्यांच्यातून नळांचे व तारांचे मोठे जाळे जाते, त्यांत या कामाला विशेष महत्त्व आहे.

तत्त्व : मोठ्या इमारतीची विभागणी अग्निरोधी भिंती व स्लॅब यांनी लहान विभागांत केलेली असते. एका विभागात लागलेली आग ठराविक काळ, सामान्यतः एक ते चार तास, तेथेच कोंडून राहावी व तेवढ्या अवधीत लोकांना बाहेर पडता यावे आणि अग्निशामक दलाला काम करता यावे, हा त्यामागील हेतू होय. विटांची किंवा काँक्रीटची भिंत हे काम उत्तम रीतीने करते. परंतु तिच्यात एकही उघडे छिद्र राहिले, तर भिंतीचा अग्निरोध त्या छिद्राइतकाच उरतो.

लहान दिसणाऱ्या फटीतूनही बराच धूर जाऊ शकतो. १५० मिमी. व्यासाच्या छिद्रातून १०० मिमी. व्यासाचा नळ नेल्यास भोवती सर्व बाजूंनी २५ मिमी. फट राहते व तिचे क्षेत्रफळ सु. ९८ चौ. सेंमी. भरते. आग लागलेल्या खोलीतील वायू तापून प्रसरण पावतात व छताजवळ त्यांचा दाब शेजारच्या खोलीतील दाबापेक्षा वाढतो. हा फरक केवळ १० पास्काल व वायूंचे तापमान ६००° से. धरले, तरी या एका फटीतून दर मिनिटास सु. ३ घ. मी. वायू पलीकडे जातात, असे गणिताने दिसते. उंच इमारतीत उभ्या शाफ्टमधील ऊर्ध्वगामी प्रवाहामुळे हा धूर वरच्या मजल्यांवर ओढला जातो. आगीतील पुष्कळसे मृत्यू ज्वालांनी नव्हे, तर धुराने व त्यातील कार्बन मोनॉक्साइडासारख्या विषारी वायूंनी होतात. त्यामुळे छिद्रबंधनाने ज्वालांबरोबरच धूरही अडविणे आवश्यक असते.

साहित्य व पद्धती : छिद्र कशाने बंद करावयाचे हे त्यातून काय जाते यावर अवलंबून असते. लोखंडी नळ आगीत टिकतो. म्हणून त्याच्या भोवतीची फट दगडी लोकर दाबून भरतात व वरून अग्निरोधी लांबीचा थर देतात. दगडी लोकर १,०००° से.पर्यंत वितळत नाही. काचेची लोकर मात्र त्याच्या बरीच आधी मऊ होऊन ढासळते. पॉलिव्हिनिल क्लोराइडाचा नळ सु. ८०° से.लाच मऊ पडतो व पुढे जळून नाहीसा होतो. मग नळाएवढे छिद्र उघडे पडते. अशा नळाभोवती उष्णतेने फुगणाऱ्या द्रव्याचे कडे बसवितात. त्यातील प्रसरणशील ग्रॅफाइटासारखे द्रव्य तापताच अनेक पट फुगते व मऊ झालेला नळ चिरडून छिद्र बंद करते.

केबलींचे वेष्टन जळते व त्यांतील तांबे उष्णता पलीकडे वाहून नेते. त्यामुळे केबलींच्या जुडग्यात प्रत्येक केबलीमधील पोकळीही भरावी लागते. जेथे केबली वारंवार बदलाव्या लागतात, तेथे काढता-घालता येणाऱ्या अग्निरोधी उशा वापरतात. डक्टमध्ये, भिंतीच्या रेषेतच, तापमान वाढताच आपोआप मिटणारी झडप बसवितात. भिंतीचा माथा व वरचा स्लॅब यांमधील सांधा भाराने व तापमानाने हलतो. तेथे कडक मसाला तडकतो, म्हणून लवचिक भरण वापरावे लागते. काचेच्या दर्शनी भिंती असलेल्या इमारतींत स्लॅबची कड व काच यांच्यामधील फट अशीच बंद करावी लागते. अन्यथा ती सर्व मजल्यांना जोडणारे धुराडे बनते.

साधा पॉलियुरेथेन फेस, कापडाच्या चिंध्या, थर्मोकोल किंवा वरवर लावलेले प्लॅस्टर यांनी छिद्र झाकले जाते, पण बंद होत नाही.

परीक्षा : छिद्रबंधनाची परीक्षा भट्टीत घेतात. आंतरराष्ट्रीय मानक ८३४ मधील वक्रानुसार भट्टीचे तापमान एका तासात सु. ९४५° से. व दोन तासांत सु. १,०५०° से. होते. पलीकडच्या बाजूस ज्वाला वा तप्त वायू निघता कामा नयेत, हा अखंडतेचा निकष होय; तर त्या बाजूच्या पृष्ठाचे तापमान मूळ तापमानापेक्षा १८० अंशांहून अधिक वाढू नये, हा उष्णतारोधाचा निकष होय. भारतात अग्निबंधांच्या परीक्षेसाठी आयएस १२४५८ हे मानक आहे. परीक्षा एकट्या लांबीची वा लोकरीची होत नाही. भिंतीचा प्रकार, नळ, फटीची रुंदी, भरणाची खोली व साहित्य या सर्व जुळणीची होते. म्हणून डब्यावर ‘दोन तास’ असे छापलेले असले, तरी परीक्षेतील जुळणीहून वेगळ्या रीतीने लावलेल्या भरणास तो काळ लागू होत नाही.

अनुभव : १३ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात ११ व्या मजल्यावर लागलेली आग दूरध्वनीच्या तारांसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या, न बुजविलेल्या छिद्रांतून इतर मजल्यांवर पसरली. त्याच वर्षी २२ मार्च रोजी अमेरिकेतील ॲलाबॅमा राज्यातील ब्राउन्स फेरी या अणुवीज केंद्रात, केबलींच्या छिद्रातून हवा गळते की काय हे मेणबत्तीच्या ज्योतीने पाहिले जात असता, छिद्रात भरलेल्या पॉलियुरेथेन फेसाने पेट घेतला. आग भिंतीपलीकडे गेली, सु. सात तास चालली आणि १,६०० हून अधिक केबलींना हानी पोहोचली. हे केंद्र व्यापारी इमारत नसले, तरी छिद्र बुजविण्याचे द्रव्यच ज्वालाग्राही असेल, तर बंधनच आगीची वाट बनते, हा त्यातील बोध सर्वत्र लागू आहे. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड हॉटेलात आग मुख्यतः तळमजल्यावर राहिली. तथापि उद्वाहकांचे शाफ्ट, जिने व भूकंपासाठी ठेवलेले सांधे यांवाटे धूर वर चढला. या दुर्घटनेत ८५ माणसे मृत्यू पावली व त्यांतील बहुसंख्य आगीपासून दूर, वरच्या मजल्यांवर होती.

देखभाल व जबाबदारी : भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) चौथ्या भागात भिंती व स्लॅब यांतून जाणाऱ्या सेवावाहिन्यांभोवतीची पोकळी अग्निरोधी द्रव्याने बंद करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा व्यवस्था चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असून तसे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.

प्रत्यक्षात हे काम दुर्लक्षित राहण्याची कारणे तांत्रिक कमी व व्यावहारिक अधिक आहेत. भिंत गवंडी बांधतो, नळ प्लंबर टाकतो, केबल वायरमन ओढतो. छिद्र मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. पुढे ते लोंबत्या छताच्या वर झाकले जाते. इमारत वापरात आल्यानंतर भाडेकरू बदलतो, संगणकाच्या किंवा कॅमेऱ्याच्या नव्या केबली येतात आणि पूर्वी नीट बंद केलेली भिंत पुन्हा फोडली जाते. म्हणून प्रत्येक बंधनाला क्रमांक देऊन त्याच्याजवळ साहित्य, परीक्षित जुळणी व दिनांक दर्शविणारी पट्टी लावणे, त्यांची नोंदवही ठेवणे, नवे छिद्र पाडण्यास लेखी परवानगी घेणे व छिद्र बंद झाल्याची पाहणी केल्याशिवाय कामाचे देयक न चुकविणे, हे उपाय उपयुक्त ठरतात. पाहणी करताना छताचे पाट काढून भिंत वरच्या स्लॅबपर्यंत दोन्ही बाजूंनी तपासावी लागते. खालून सलग दिसणारी भिंत वरही सलग असेलच असे नाही.