केक भांड्याला का चिकटतो?

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस केकवर काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण घरातून वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला विचारा. संध्याकाळी केक द्यायचाय आणि तळ भांड्यातच राहिला, तर साहित्य गेलं, गॅस गेला, आणि गिऱ्हाईकही जायचं.

आपल्या वैशेषिक दर्शनात दोन शब्द आहेत, संयोग आणि समवाय. टेबलावर पुस्तक ठेवलं, हा संयोग. उचललं की संपला. कापड आणि त्याचे धागे, हा समवाय; धागे काढले तर कापडच उरत नाही. केक आणि भांडं यांच्यात नुसता संयोग राहायला हवा. उष्णता मिळाली की तो समवायाच्या दिशेनं जाऊ लागतो. कसा, ते पाहू.

ॲल्युमिनियमचं भांडं हाताला गुळगुळीत लागतं, पण त्यावर बारीक खड्डे, ओरखडे असतात. केकचं पातळ मिश्रण त्यांत शिरतं. मग मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात, कडेची साखर डिंकासारखी बसते. शिरताना पातळ असतं आणि आत गेल्यावर घट्ट होतं, म्हणून निघत नाही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पिठाचा गोळा बांधणाऱ्या गुणाला 'स्नेह' म्हटलंय, आणि तो पाण्याचा गुण मानलाय. म्हणजे ज्या ओलाव्यानं केक बांधला जातो, तोच त्याला भांड्यालाही बांधतो. तेव्हा मध्ये पाण्याशी न मिसळणारं काहीतरी हवं.

ते म्हणजे तूप किंवा तेल. बाजारातल्या लोण्यात साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, शिवाय दुधाचे घन अंश असतात; तेच तळाला करपून धरतात. तुपात पाणी जवळपास नसतंच.

पण नुसतं तूप गरम झालं की पातळ होऊन खाली ओघळतं, मिश्रणातही मुरतं. म्हणून त्यावर मैदा भुरभुरायचा. यात नवीन काही नाही. बाजरीची भाकरी थापताना आपण परातीत आधी कोरडं पीठ पसरतोच ना? तुपावर मैद्याचा पातळ थर बसवा, भांडं उपडं करून ठोका, जास्तीचा झाडून टाका. चॉकलेट केक असेल तर मैद्याऐवजी कोको घ्या, पांढरे डाग पडत नाहीत.

तळाला कागद घातला तर आणखी निश्चिंती. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत. ढेप घालताना साच्यात आधी कापड घालतात, मग गूळ. ढेप कापडासकट बाहेर येते. केकच्या कागदाचं काम तेच. फक्त बटर पेपर वापरा, वर्तमानपत्र नको. त्याची शाई अन्नात उतरते.

कुकरमध्ये केक करणाऱ्यांनी तळाकडे जास्त लक्ष द्यावं, कारण उष्णता खालून येते. शिट्टी आणि रिंग काढा, खाली मीठ किंवा वाळू पसरा, त्यावर स्टँड ठेवून मग भांडं ठेवा आणि आच मंद ठेवा. बिनअंड्याच्या केकमध्ये कंडेन्स्ड मिल्क असेल तर त्यातली साखर आणि दूध लवकर धरतात. तिथं कागद घालाच.

आता वेळेचं. केक बाहेर काढल्यावर लगेच उलटवला तर तुटतो, कारण आतली घडण अजून मऊ असते. तासभर तसाच ठेवला तर वाफेचं पाणी होऊन तळ ओला होतो आणि कडेची साखर कडक बसते. साधारण १० मिनिटं थांबा, कडेनं पातळ सुरी फिरवा, मग उलटा करा. उशीर झालाच तर भांड्याचा तळ मंद आचेवर काही सेकंद धरा. तूप पुन्हा पातळ होतं आणि केक सुटतो. नॉनस्टिक भांड्यात मात्र स्टीलची सुरी नको. लेप खरवडला की ते भांडंही धरायला लागतं.

याला एक अपवाद आहे. परदेशात एंजल फूड केक करतात, नुसत्या अंड्याच्या पांढऱ्यावर फुगणारा. त्याच्या भांड्याला मुद्दाम तूप लावत नाहीत. त्याला कडेला धरूनच वर चढायचं असतं, आणि तो थंडही भांडं उलटं टांगून करतात. म्हणजे चिकटणं हा मुळात दोष नाही. कुठं धरावं आणि कुठं सोडावं, एवढं आपण ठरवायचं.

आता प्रश्न असतील तर विचारा.