पंचेचाळीसची हौस, चोवीसचं काम

कार घेताना आपण मायलेज विचारतो, मोबाइल घेताना कॅमेरा. पण झाडाझुडपांच्या साडेचार एकरांसाठी ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर नेमकं काय विचारायचं?

आमच्या फ्लोअरवर कुणी गाडी घेतली की पेढे येतात. 2025च्या ऑक्टोबरात मी पेढे वाटले तेव्हा सगळ्यांचा एकच सवाल, ‘‘कुठली घेतलीस?’’ मी म्हटलं, ‘‘ट्रॅक्टर.’’ दोन सेकंद सन्नाटा आणि मग जो काही हशा पिकला! एकानं तर विचारलं, ‘‘हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी का?’’

मीही हसले. पण खरं सांगायचं तर विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

लांज्याच्या पुढे आमची साडेचार एकर जमीन आहे. अर्धी काजूची, थोडे हापूस, आणि वरच्या अंगाला ऐन, किंजळ, जांभळाचं रान. बाबा मुंबईची नोकरी संपवून तिथंच राहायला गेले. कोकणात पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत माजतं, दिवाळीनंतर ते वाळतं, आणि मग कुठूनतरी एक ठिणगी पुरते. 2024च्या फेब्रुवारीत वणवा आला. अकरा वर्षं वाढवलेली चाळीस काजूची झाडं दुपारभरात गेली. बाबा ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहिले आणि उजवा हात भाजून घेतला. मी पुण्यात मीटिंगमध्ये होते, फोन सायलेंटवर. पाच मिस्ड कॉल.

गवत वेळेत काढलं असतं तर एवढं झालं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बेणणीला माणसं मिळत नाहीत. खांद्यावरचा ग्रास कटर घेऊन 64 वर्षांच्या माणसानं साडेचार एकर कापायचं म्हटलं तर पुढचा पंधरवडा कंबर धरून बसायचं. म्हणून ट्रॅक्टर.

आता बाबांचा फंडा एकदम क्लिअर होता. ‘‘घ्यायचा तर पंचेचाळीसचा. लहान घेऊन लोकांना हसवायचंय काय?’’ घाटावरच्या मावसभावाकडे तसा आहे ना! आम्ही तिकडच्याच एका शोरूममध्ये गेलो. सेल्समन संपूर्ण वेळ बाबांशी बोलला. मी फक्त ‘मॅडम, चहा?’ एवढ्यापुरती. तोही म्हणाला, ‘‘साहेब, पंचेचाळीस घ्या, रिसेलला टेन्शन नाही.’’ चूक नव्हतं त्याचं. देशात 41 ते 50 एचपीचेच ट्रॅक्टर सर्वांत जास्त खपतात. काळ्या रानात नांगरायला, उसाची ट्रॉली ओढायला तेच हवेत. पण आमच्याकडे ना ऊस, ना काळी माती. जांभ्याचा उतार आणि पावलापावलावर झाड.

मग मी तेच केलं जे आपण ऑफिसवाले करतो. एक्सेल शीट उघडली. (हसू नका.) आणि पुढच्या वीकएन्डला टेप घेऊन बागेत फिरले. काजू लावताना सात मीटरचं अंतर होतं, पण आता फांद्या एकमेकींत शिरल्यात आणि खालची फांदी कुठंकुठं छातीपर्यंत येते. गडग्यातली वाट सहा फूट. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर पावणेसहा फुटांच्या आसपास रुंद, म्हणजे गेला तर खरडत. त्यावर एकच सोपा उपाय बाबांना सुचला, ‘‘दोन-चार झाडं काढू.’’ तर मंडळी, तेही वाटतं तितकं सोपं नाही. 1964च्या वृक्षतोड कायद्यानं आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ असली झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. थोडक्यात, ट्रॅक्टरनं रानाच्या मापात बसायचं, रानानं ट्रॅक्टरच्या नव्हे.

एचपीचं गणितही शोरूममध्ये कुणी नीट सांगत नाही. पाटीवरचा आकडा इंजिनाचा असतो. मागच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे पीटीओला, त्यातला थोडा कमीच पोचतो. आणि गवत कापणारा स्लॅशर चालतो तो पीटीओवर, बहुतेकदा मिनिटाला 540 फेऱ्यांनी. ढोबळ हिशोब असा की स्लॅशरच्या रुंदीच्या दर फुटाला पाच एचपी. साडेतीन फुटी स्लॅशरला साडेसतरा झाले. म्हणजे चोवीस एचपीच्या इंजिनात काम भागतं. आंब्यावर फवारणीचा पंप चालवायलाही तेवढं पुरतं. मात्र मॉडेलगणिक पीटीओचा आकडा बदलतो, तो आधी विचारायचा आणि मगच डिस्काउंट.

या गटात महिंद्राचा जिवो 245 आहे, कुबोटाचा निओस्टार बी2441 आहे. दोन्ही चोवीस एचपी, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह. थोडं वर जायचं तर जॉन डिअरचा 28 एचपीचा 3028ईएन. सगळे बागेसाठीच बनवलेले, अरुंद आणि बुटके. पण खरी गोष्ट सांगू? निर्णय ब्रोशरवर झालाच नाही. तो झाला आमच्या उतारावर.

गणपतीनंतर मावसभाऊ त्याचा पंचेचाळीसचा घेऊन कामानिमित्त आमच्याकडे आला होता. बाबा म्हणाले, चालवून बघू. पहिल्या ओळीतच उभा सायलेन्सर काजूच्या फांदीत अडकला आणि फांदी मोडली. वळायला तीनदा मागेपुढे. तरी बाबा खूश! मग ते वरच्या बाजूला गेले आणि उताराला आडवे वळले. खालचं चाक एका खड्ड्यात उतरलं, आणि वरचं मागचं चाक... उचललं गेलं. फार नाही, वीतभर. ट्रॅक्टर क्षणभर तसाच थांबला. मावसभाऊ ओरडला, ‘‘काका, स्टिअरिंग खाली घ्या!’’ बाबांनी नाक उताराकडे वळवलं आणि चाक धपकन खाली आलं. माझ्या पोटात जो गोळा आला तो रात्रीपर्यंत तिथंच होता.

बाबा उतरले, पाणी प्यायले, काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी अंगणात बसल्यावर म्हणाले, ‘‘चोवीसचा बघ गो.’’

त्यानंतर मी जे काही वाचलं, विचारलं, ते सगळं उलटण्याबद्दलच. ट्रॅक्टरचं वजन उंचावर असतं, त्यामुळे उताराला आडवं जाणं सर्वांत धोक्याचं. उभं चढायचं, उभंच उतरायचं. बुटका ट्रॅक्टर कमी कलंडतो, पण कलंडतच नाही असं नाही. डोक्यामागची लोखंडी कमान, जिला रोप्स म्हणतात, ती हवीच, आणि तिच्यासोबत सीट बेल्ट. बेल्टशिवाय माणूस बाहेर फेकला जातो आणि कमानीचा काही उपयोग राहत नाही. फांद्यांखाली कमान दुमडता येते खरी, पण दुमडलेली कमान म्हणजे नसलेली कमान. मोकळ्यात आलं की परत उभी करायची. आणि ओंडका ओढायचा तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच. वर कुठं बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागच्या मागे उलटू शकतो. बाबा म्हणाले, ‘‘आम्ही तर वरच बांधायचो.’’ मी कपाळाला हात लावला.

फोर व्हील ड्राइव्हवर मी अडून बसले. सुट्ट्या मुरमाच्या उतारावर चढताना पकड मिळतेच, पण मुख्य म्हणजे उतरताना इंजिनाचा अटकाव पुढच्या चाकांनाही मिळतो.

पैशांचं म्हणाल तर लहान म्हणजे स्वस्त, हा गैरसमज आधीच काढून टाका. चोवीसचा फोर व्हील ड्राइव्ह पंचेचाळीसच्या निम्म्या किमतीत येत नाही. बरं एवढंच की 22 सप्टेंबर 2025पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या मूळ किमतीमागे पस्तीस हजार वाचले, म्हणजे आमच्या स्लॅशरचा बराच भार हलका झाला. अनुदान हवं असेल तर सातबारा ज्याच्या नावे त्यानं महाडीबीटीवर अर्ज करायचा, पूर्वसंमती मिळवायची आणि मगच खरेदी. आधी बिल फाडलं की गेलं. आम्ही ऑक्टोबर चुकवायला तयार नव्हतो, त्यामुळे आम्ही त्या रांगेत उभेच राहिलो नाही. ईएमआय माझ्या पगारातून जातो.

आणि प्रामाणिकपणे सांगते, एक्सेल शीटमध्ये ट्रॅक्टर हरला होता. वर्षाला शंभर-सव्वाशे तासांच्या कामासाठी विकत घेण्यापेक्षा भाड्यानं आणणं कधीही स्वस्त. पण आमच्या वाडीत भाड्यानं मिळतात ते चिखलणीचे मोठे ट्रॅक्टर, तेही गवत वाळायच्या दिवसांत भातकापणीच्या धांदलीत. तुमच्या गावात बागेत शिरेल असा भाड्याचा मिळत असेल तर खुशाल तो घ्या.

दोन मॉडेल्समध्ये शेवटी काय ठरवलं? ज्याचा मेकॅनिक फोन केल्याच्या दिवशी घरी पोचतो, ते. डेमोही शोरूमच्या सिमेंटवर नाही, आमच्या उतारावर मागितला. एका डीलरनं नाही म्हटलं. दुसऱ्यानं ट्रॅक्टर टेम्पोत घालून आणला. कुठला घेतला ते सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल.

दिवाळीआधी बाबांनी हद्दीभोवती वीस फुटांचा पट्टा कापला. कापलेलं गवत तिथंच टाकलं तर तेही जळणच, म्हणून आई आणि शेजारच्या काकूंनी ते ओढून आत आणलं, काजूच्या आळ्यांत टाकलं.

2026च्या फेब्रुवारीत पलीकडच्या डोंगराला आग लागली. या वेळी मी फोन पहिल्या रिंगला उचलला. ‘‘पट्ट्याशी आलाय,’’ बाबा म्हणाले, मागे आईचा आवाज, माणसांची पळापळ. वीस मिनिटांनी परत फोन. ‘‘इकडं थांबला. वरच्या कोपऱ्यातली दोन जांभळं होरपळली, बाकी काही नाही.’’

‘‘तुम्ही कुठं आहात?’’

‘‘ट्रॅक्टरवर. अजून थोडं कापून घेतो.’’

‘‘बेल्ट?’’

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खट् असा आवाज.

‘‘लावला गो.’’