बाहेरून धडधाकट, आत पडदा फाटलेला

मांजराला गाडीचा धक्का लागला. जखम नाही, हाड मोडलेलं नाही, दुसऱ्या दिवशी थोडं खायलाही लागलं. 'वाचलं बिचारं' म्हणून आपण विषय सोडून देतो. पण आत एक पडदा फाटलेला असू शकतो. आज त्याबद्दल.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा घुमटासारखा पातळ पडदा असतो, श्वासपटल. ते आकसलं की सपाट होतं, छातीची पोकळी वाढते, आतला दाब कमी होतो आणि हवा आत येते. म्हणजे फुफ्फुसं स्वतःहून फुगत नाहीत, त्यांना फुगवलं जातं. कुत्रा, मांजर, तुम्ही-आम्ही, सगळ्यांचं हेच.

आता धक्का बसताना काय होतं बघा. पोट दाबलं जाऊन तिथला दाब क्षणात वाढतो. त्याच वेळी स्वरयंत्र उघडं असेल, तर फुफ्फुसातली हवा निघून जाते आणि वरून आधार उरत नाही. दाबातला हा फरक न पेलून पडदा फाटतो, बहुधा बरगड्यांना जोडलेल्या स्नायूच्या भागात. फटीतून पोटातले अवयव वर सरकतात, बहुतेकदा यकृत. फुफ्फुसांना फुगायला जागाच राहत नाही. यालाच श्वासपटलाचा हर्निया म्हणतात. काही वेळा लक्षणं आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात, तोवर अपघात विसरलेला असतो!

उपाय शस्त्रक्रियाच. पोट उघडलं की फाटलेल्या पडद्यातून हवा छातीत शिरते, म्हणून प्राण्याचा श्वास बाहेरून चालवावा लागतो. पूर्वी निदान एक दिवस थांबावं असं मानत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 92 कुत्र्या-मांजरांच्या अभ्यासात दहापैकी जवळपास नऊ वाचले, आणि लवकर शस्त्रक्रिया केल्याने धोका वाढतो असं दिसलं नाही. अर्थात आधी प्राणवायू देऊन प्राण्याला स्थिर करायचं. जठर छातीत जाऊन फुगत असेल, तर मात्र थांबायला वेळच नसतो.

तुम्ही काय करायचं? अपघातानंतर जनावर ठीक दिसलं तरी छातीचा एक्स-रे काढून घ्या. पुढे काही आठवडे झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला साधारण 30 च्या आत हवेत. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, कोपरं फाकवून बसत असेल, आडवं व्हायला तयार नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. आणि धाप लागलेल्या जनावराची धरपकड करू नका. तेवढा ताणही जिवावर बेतू शकतो.